यजमान, पाहुणा, वैरी : एका युरोपीय शब्दाची उलटसुलट कहाणी

१

झेक भाषेत 'होस्त' म्हणजे पाहुणा. इंग्रजीत 'होस्ट' म्हणजे यजमान. लॅटिनमध्ये 'होस्तिस' म्हणजे शत्रू. या तिन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. जर्मन 'गास्ट', इंग्रजी 'गेस्ट' आणि रशियन 'गोस्त' हे पाहुण्यासाठीचे शब्दही त्याच कुळातले. तौलनिक भाषाशास्त्राने या सर्वांमागे 'घोस्तिस' असे एक पुनर्रचित रूप मानले आहे. त्यातल्या आद्य 'घ'चा लॅटिनमध्ये 'ह' झाला, तर जर्मानिक आणि स्लाव्ह भाषांत 'ग'. पुढे काही शतकांनी झेकमध्ये त्या 'ग'चाही 'ह' झाला. म्हणून झेक पाहुणा आणि रोमन शत्रू कानाला इतके जवळचे वाटतात. तो योगायोग आहे, पण त्यांचे नाते मात्र खरे आहे.

या नात्याचा गेल्या काही दशकांत बराच बोलबाला झाला. एमिल बेन्व्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली इंडो-युरोपीय संस्थांच्या शब्दसंपदेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आतिथ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे झाक देरिदा यांनी त्याच सामग्रीवर आपले आतिथ्यविषयक चिंतन उभे केले आणि 'वैर' व 'आतिथ्य' यांचे फ्रेंच शब्द एकमेकांत मिसळून 'ऑस्तिपितालिते' असा जोडशब्द घडवला. त्यानंतर स्थलांतर, निर्वासित, सीमा यांवरच्या लेखनात हा दाखला नेमाने येऊ लागला. एका बाजूचे लोक म्हणतात : पाहा, भाषेलाच ठाऊक आहे की परका म्हणजे वैरी. दुसऱ्या बाजूचे म्हणतात : पाहा, भाषेलाच ठाऊक आहे की वैरीसुद्धा पाहुणाच. दोन्ही पक्षांची एक समजूत समान आहे. शब्दाच्या उगमाशी त्याचे सत्य दडलेले असते, असे दोघेही गृहीत धरतात.

ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. या शब्दाचा प्रवास क्रमाने पाहिला तर उगमाशी भीतीही दिसत नाही आणि प्रेमही दिसत नाही. तिथे दिसते ती देवघेव, आणि ती देवघेव कोणाच्या हातात गेली त्याप्रमाणे शब्दाचा अर्थ बदलत गेलेला दिसतो.

२

सुरुवात रोमपासून करू, कारण अर्थ नेमका कुठे फिरला याची साक्ष तिथे लेखी मिळते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्यावर रोमन कायद्याचे 'बारा तक्ते' तयार झाले. त्यांत 'होस्तिस' शब्द येतो, पण शत्रू या अर्थाने नव्हे. गंभीर आजार किंवा 'होस्तिस'बरोबर ठरलेला दिवस, ही नागरिकाच्या खटल्याची तारीख पुढे ढकलण्याची सबळ कारणे मानली होती. शत्रूशी कोणी न्यायालयात तारीख ठरवत नाही. इथे 'होस्तिस' म्हणजे परगावचा माणूस. त्याच्याशी रोमन नागरिकाचा व्यवहार होई, वाद होई आणि तो वाद कायद्याने सोडवला जाई. या परक्याला सगळेच हक्क होते असेही नाही. दीर्घकाळच्या ताब्यातून मालकी मिळवण्याची सोय त्याला नव्हती, असा त्याच तक्त्यांतल्या दुसऱ्या एका कलमाचा अर्थ लावला जातो. तो कायद्याच्या आत होता, पण उंबरठ्यापाशी.

पुढे चार शतकांनी, इसवी सनापूर्वी ४४ साली, सिसेरोने 'दे ऑफिकिइस' या ग्रंथात या बदलाची नोंद केली. ज्याला आपण आज परदेशी म्हणतो त्याला आपले पूर्वज 'होस्तिस' म्हणत, असे तो सांगतो. लढणाऱ्या शत्रूसाठी जुना शब्द वेगळाच होता, 'पेर्दुएलिस'. सिसेरोच्या मते पूर्वजांनी शत्रूला सौम्य नावाने संबोधले हा त्यांचा सुसंस्कृतपणा. पुढे काळाने तो सौम्य शब्दच कठोर करून टाकला. या स्पष्टीकरणातला पूर्वजांचा गौरव बाजूला ठेवला तरी निरीक्षण मोलाचे उरते : अर्थ बदलल्याची जाणीव खुद्द रोमनांना होती.

फेस्टस हा कोशकार आणखी महत्त्वाची गोष्ट सांगतो. 'होस्तिरे' या जुन्या क्रियापदाचा अर्थ तो 'बरोबरी करणे, फेड करणे' असा देतो, आणि अशा परक्यांना 'होस्तिस' म्हणत कारण त्यांचे हक्क रोमन लोकांच्या बरोबरीचे होते, असे नोंदवतो. बेन्व्हनिस्तने या एका नोंदीवर आपला सारा युक्तिवाद उभा केला. त्याच्या मते 'होस्तिस' म्हणजे कोणीही परका नव्हे. ज्याच्याशी देण्याघेण्याचे, फेडीचे बंधन आहे असा परका. आपल्याकडच्या आहेराच्या वहीत नाव असलेला माणूस म्हणा ना. त्याने काय दिले हे लक्षात ठेवून त्याला परत करायचे असते.

मग हा माणूस वैरी का झाला? बेन्व्हनिस्तचे उत्तर समाजव्यवस्थेकडे बोट दाखवते. जोवर नाती घराघरांत, कुळाकुळांत होती, तोवर परगावच्या माणसाशी बरोबरीचा करार करणे हे घराचे काम होते. नगरराज्य प्रबळ झाले तशी ही घरगुती नाती मागे पडली. आता प्रश्न एवढाच उरला : हा आमच्या राज्यातला की बाहेरचा? बाहेरच्याशी फेडीचे खाते राहिले नाही आणि त्याच्यासाठी असलेला शब्द रणांगणावर गेला. मध्ययुगात तर त्याचा अर्थ 'सैन्य' असाच झाला. स्पॅनिश 'उएस्ते', रोमानियन 'वास्ते' आणि जुन्या इंग्रजीवळणाचा सैन्यवाचक 'होस्ट' हे त्याचेच वारस.

जुनी नाती एकदम पुसली गेली नाहीत. रोमनांत 'तेसेरा होस्पितालिस' नावाची खूण असे. आतिथ्याचा करार झालेली दोन घराणी ती आपापल्याजवळ ठेवत, आणि पुढच्या पिढीतला माणूस ती दाखवून ओळख पटवी. प्लॉटसच्या 'पेनुलुस' या प्रहसनात कार्थेजचा वृद्ध हान्नो अशीच खूण काढून दाखवतो आणि ती जुळते. हॅनिबलशी झालेल्या युद्धाच्या आठवणी ताज्या असताना हे नाटक रोमन प्रेक्षकांसमोर आले. राज्याच्या लेखी कार्थेजचा माणूस वैरी होता. घराच्या लेखी तो अजून पाहुणा होता. शब्दाची फाळणी कुठे झाली ते या एका प्रवेशात दिसते.

३

'होस्तिस' रणांगणावर गेल्यावर घरातल्या नात्यासाठी वेगळा शब्द लागला. तो होता 'होस्पेस'. याची फोड 'घोस्ति' अधिक 'पोति' अशी केली जाते. यातला 'पोति' आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत 'पति' तोच. 'होस्पेस' म्हणजे शब्दशः पाहुण्यांचा पती, आतिथ्याचा धनी.

गंमत अशी की लॅटिनमध्ये 'होस्पेस'चा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. हा दुहेरीपणा फ्रेंच 'ओत' आणि इटालियन 'ओस्पिते' यांनी आजतागायत जपला आहे. फ्रेंचमध्ये नुसता 'ओत' म्हटले तर कोण कोणाच्या घरी आला हे संदर्भावरूनच कळते. आपल्याला हा गोंधळ वाटेल, पण जुन्या कराराच्या दृष्टीने त्यात गोंधळ नाही. आज जो देतो तो उद्या घेतो. नात्याला नाव होते, नात्याच्या टोकांना वेगवेगळी नावे देण्याची गरज नव्हती.

ही गरज नंतर भासली. स्पॅनिशमध्ये 'उएस्पेद' मुख्यतः पाहुण्याकडे झुकला आणि यजमानासाठी 'अन्फित्रिओन' आला. हे मूळचे ग्रीक पुराणातल्या ॲम्फिट्रिऑन राजाचे नाव. ज्युपिटर त्याचे रूप घेऊन त्याच्या घरात आणि त्याच्या पत्नीच्या शय्येत शिरला, ही कथा प्लॉटसने रंगवली. मोलिएरने १६६८ साली तिच्यावर फ्रेंच प्रहसन लिहिले आणि मेजवानी देणारा तोच खरा ॲम्फिट्रिऑन, या त्यातल्या विनोदामुळे व्यक्तिनामाचे सामान्यनाम झाले. ज्याच्या घरात न बोलावलेला पाहुणा धनी होऊन बसला, त्याचे नाव युरोपने यजमानाला दिले!

'होस्पेस'मधल्या 'पती'कडे देरिदांनी लक्ष वेधले ते योग्यच होते. आतिथ्य करायचे तर घर आपले असावे लागते, आणि 'या, बसा' म्हणणारा त्याच वाक्यात घर कोणाचे हेही सांगून जातो. मराठीला हे समजावून सांगायची गरज नाही. आपला 'यजमान' मूळचा यज्ञाचा खर्च उचलणारा. तो पाहुण्यांचे स्वागत करणारा झाला, आणि 'आमचे यजमान बाहेर गेलेत' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी तो नवराही झाला. यजमान, धनी, पती हे सारे अर्थ एका माणसात राहतात, हे लॅटिन वगळूनही दिसते. मात्र देरिदांच्या पुढची पायरी चढताना थांबावे लागते. यजमानपणात सत्ता असते हा समाजाचा अनुभव आहे; आतिथ्याच्या पोटात वैर असतेच असा सिद्धान्त शब्दाच्या मुळातून काढता येत नाही. त्यांच्या नंतरच्या अनेकांनी नेमके तेच केले. 'हॉस्टेज' म्हणजे ओलीस, हा शब्दही ते याच पुराव्यात गोवतात. त्याचा एक उगम 'ओबसेस' या अगदी वेगळ्या लॅटिन शब्दात शोधला जातो, 'होस्तिस'मध्ये नाही. सारख्या आवाजाने नाते सिद्ध होत नाही.

४

ग्रीकमध्ये मूळ वेगळे असण्याचीच शक्यता अधिक मानतात, पण अर्थाचे जाळे तेच. 'क्सेनोस' म्हणजे परका, पाहुणा आणि यजमानही. या नात्याचा रक्षक खुद्द झ्यूस. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात दिओमेदीस आणि ग्लाउकोस एकमेकांना मारायला समोर येतात. कुळे विचारली जातात, आणि कळते की एकाच्या आजोबाने दुसऱ्याच्या आजोबांना २० दिवस घरी ठेवून घेतले होते. दोघे रथांतून उतरतात, हातात हात देतात आणि चिलखते बदलतात. ग्लाउकोस १०० बैलांच्या मोलाचे सोन्याचे देतो आणि ९ बैलांच्या मोलाचे पितळी घेतो. त्याची मती हरवली होती, अशी पुस्ती कवी जोडतो. ही पुस्ती फार बोलकी आहे. आतिथ्याची देवघेव बाजारभावाने मोजायची नसते, आणि तरीही कोणीतरी ती मोजत असतो.

आधुनिक ग्रीकमध्ये आतिथ्याला 'फिलोक्सेनिया' म्हणतात आणि हॉटेलला 'क्सेनोदोखिओ'. उरलेल्या युरोपने मात्र 'क्सेनोस' उचलला तो प्रामुख्याने 'झेनोफोबिया' या शब्दापुरता, परक्याच्या भीतीपुरता. पाहुणा ग्रीसमध्येच राहिला, भीती तेवढी निर्यात झाली.

५

स्लाव्ह भाषांत हा शब्द बाजारात शिरला. जुन्या रशियनमध्ये 'गोस्त' म्हणजे परगावाहून आलेला व्यापारी, पुढे मोठा व्यापारी. सेंट पीटर्सबर्गच्या 'गोस्तिनी द्वोर' या जुन्या बाजारपेठेचे नाव त्यावरूनच. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'साद्को' या ऑपेरात आपल्या देशाच्या अपार संपत्तीचे गाणे गाणारे पात्र रशियनमध्ये 'भारतीय गोस्त' आहे. इंग्रजीत जाताना त्याला 'हिंदू व्यापारी' व्हावे लागले. रशियनमध्ये या शब्दाची दुसरी शाखा आकाशापर्यंत गेली. 'घोस्ति-पोति'सारख्याच जोडणीतून 'गोस्पोद' म्हणजे परमेश्वर आणि 'गोस्पोदिन' म्हणजे महाशय निघाले. बहुतेक व्युत्पत्तिकार 'गोसुदार' म्हणजे सम्राट हाही त्याच घरातला मानतात, आणि त्यावरून 'गोसुदार्स्त्वो' म्हणजे राज्य. पाहुण्याच्या शब्दापासून राज्यसंस्थेच्या शब्दापर्यंतचा हा प्रवास एका भाषेच्या आत झाला.

असा एक 'गोस्त' महाराष्ट्रातही येऊन गेला. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला. विकण्यासाठी एक घोडा घेऊन तो जुन्नरला गेला आणि तिथे त्याचा पावसाळा निघाला. आपल्या प्रवासवृत्तात तो लिहितो की या देशात परदेशी व्यापारी उतारशाळेत उतरतात, आणि तिथल्या घरधनिणी त्यांच्यासाठी रांधतात, बिछाना घालतात. व्यापाऱ्यांसाठी त्याचा शब्द 'गोस्ती', घरधनिणींसाठी 'गोस्पोदारिनी'. जुन्नरच्या एका उतारशाळेच्या वर्णनात हे दोन्ही भाऊबंद शेजारी बसलेले आहेत. पण त्याच जुन्नरात तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा. नाही तर घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. अखेर खुरासानच्या एका सरदाराने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. घरधनिणीकडे तो पाहुणा होता, खानाच्या दरबारी परका ठरला. रोममध्ये जे काही शतकांत घडले ते इथे एका माणसाच्या वाट्याला एका पावसाळ्यात आले.

मध्ययुगीन जर्मन शहरांतही 'गास्ट' हा परगावचा व्यापारी होता. त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा असे, आणि अनेक शहरांत एका 'गास्ट'ने दुसऱ्या 'गास्ट'शी थेट व्यापार करायचा नाही, मध्ये स्थानिक माणूस हवाच, असा नियम होता. पाहुण्याचे स्वागत होते, पण नफ्याचा वाटा ठेवून.

६

लॅटिन 'होस्पेस'पासून 'होस्पिताले' निघाला. मध्ययुगात हे यात्रेकरू, निराधार आणि आजारी अशा सर्वांचे आश्रयस्थान होते. पुढे यातून दोन वाटा फुटल्या. ज्याच्याजवळ पैसे नाहीत पण आजार आहे त्याच्यासाठी हॉस्पिटल, ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याच्यासाठी हॉटेल. फ्रेंचमध्ये ही फाळणी पूर्ण झालेली नाही : पॅरिसचे प्राचीन रुग्णालय आजही 'ओतेल-द्यू', म्हणजे देवाचे हॉटेल, म्हणून ओळखले जाते.

हे शब्द आपल्याकडेही आले, आणि वेगवेगळ्या जहाजांतून. 'इस्पितळ' आपण पोर्तुगीजांकडून घेतले. सोळाव्या शतकात त्यांनी गोव्यात राजाच्या नावाचे इस्पितळ चालवले ते मुख्यतः आपल्या सैनिकांसाठी. पाहुण्याने यजमानाच्या भूमीत स्वतःची सोय करून घेतली होती. 'हॉटेल' इंग्रजीतून आले आणि मराठीत त्याने मुक्काम सोडून दिला. आपल्याकडे हॉटेलात चहा पितात, मिसळ खातात. राहायला लॉज लागतो. शब्दातला निवारा गळून पडला आणि जेवण उरले. उगमाला चिकटून राहण्याची शब्दांना गरज वाटत नाही, याचे आपल्या रोजच्या वापरातले हे उदाहरण.

७

१७९५ साली कांटने शाश्वत शांततेवरील निबंधात या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. पृथ्वी गोल आहे, माणसे अनंत दूर पांगू शकत नाहीत, त्यांना एकमेकांना सहन करावेच लागणार. म्हणून शांतपणे आलेल्या परक्याला वैऱ्यासारखे वागवता येणार नाही. मात्र हा हक्क भेटीचा आहे, पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे. त्यासाठी वेगळा करार हवा. आज व्हिसाच्या रांगेत ज्याला हा भेद भेटतो त्याला कांट कठोर वाटेल. पण तो हे लिहीत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर उलट दिशेची गर्दी होती. व्यापाराच्या ठाण्यांचे निमित्त करून हिंदुस्थानात सैन्य आणणाऱ्या युरोपीय पाहुण्यांचा तो तिथेच निषेध करतो. भेटीचा हक्क त्याने मर्यादित केला तो दुबळ्या यजमानासाठीही.

दीडशे वर्षांनी परिस्थिती उलटली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीला कामगार हवे होते. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाले. परकीय कामगारांसाठी आधी रूढ असलेल्या शब्दाला नाझी काळातल्या वेठबिगारीचा वास होता, म्हणून 'गास्टआर्बायटर' म्हणजे पाहुणा-कामगार हा शब्द पुढे आला. सप्टेंबर १९६४ मध्ये दहा लाखावा कामगार म्हणून पोर्तुगालच्या अर्मांदो रोद्रिगेस दे सा यांचे कोलोनच्या स्थानकावर वाजतगाजत स्वागत झाले आणि त्यांना एक मोपेड भेट देण्यात आली. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती थांबली. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसे येऊन गेली होती. त्यांतली सुमारे १ कोटी १० लाख परतली. उरलेल्यांनी कुटुंबे आणली, मुले वाढवली. त्यांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळण्याची वाट २००० साली उघडली, तीही अटींसह.

'गास्टआर्बायटर' हा शब्द नीट ऐकला पाहिजे. त्यात शिवी नाही, वैर नाही. उलट आदर आहे. आणि तरीही या साऱ्या कुळातला मला तोच सर्वांत रिता शब्द वाटतो. जुन्या 'होस्तिस'ला निदान फेडीचा हक्क होता, न्यायालयात ठरलेला दिवस होता. ग्लाउकोसला बदल्यात पितळी का होईना, चिलखत मिळाले. इथे पाहुण्याने काम करायचे, आणि पाहुणा असल्यामुळेच राहण्याची अपेक्षा धरायची नाही. आपल्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. रशियनने तर आपला 'गोस्त' घरात असताना हा जर्मन शब्द उसना घेतला, आणि आज तो मध्य आशियातून येणाऱ्या मजुरांना उद्देशून, बहुधा तुच्छतेने वापरला जातो.

८

मग आपल्या बाजूचे काय? ऋग्वेदातल्या 'अरि' शब्दाचा अर्थ मूळचा 'परका' असावा, त्यातूनच पाहुणा आणि शत्रू हे दोन्ही अर्थ निघाले, असे पाउल थीमे या जर्मन पंडिताने १९३८ साली मांडले. त्याला विरोधही झाला आणि वाद मिटलेला नाही. 'अतिथि'ची 'ज्याची तिथी ठरलेली नाही तो' ही फोड आपल्या सर्वांच्या आवडीची. भाषाशास्त्रज्ञ मात्र तो 'अत्' म्हणजे भटकणे या धातूशी आणि अवेस्तातल्या पाहुणावाचक 'अस्ति'शी जोडतात. तरी ती लोकप्रिय फोड रोमन कायद्याशेजारी ठेवून पाहावी : तिकडे परक्याबरोबर ठरलेला दिवस, इकडे दिवस न ठरवता येणारा परका. एका परंपरेने परक्याला हक्क दिला, दुसरीने पुण्य कमावण्याची संधी मानले. दोन्हींत काही मिळते आणि काही हुकते.

बोलभाषेतला 'पाहुणा' या थोर शब्दांपेक्षा अधिक मोकळा आहे. पश्चिम महाराष्ट्रात एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही 'कुठनं आलात, पाव्हणं?' असे विचारतात. परक्याला हाक मारण्यासाठी आधी त्याला पाहुणा करून घेतात. सोयरिकीतले लोकही पाहुणेच. आणि त्याच भाषेत तुरुंगातला कैदी 'सरकारी पाहुणा' असतो, पोलीस चौकीतला मार म्हणजे 'पाहुणचार'. इथेही वाकडा अर्थ शिरला तो घरातून नव्हे, सरकारी दारातून.

म्हणून शब्दाच्या मुळाशी जाऊन परक्याविषयीचा निकाल मागणाऱ्या दोन्ही पक्षांना हा शब्द रिकाम्या हातानेच परत पाठवतो. परका वैरी असतो की पाहुणा, हे 'घोस्तिस'ला माहीत नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की आलेल्या माणसाचे आपल्याकडे काही देणे आहे आणि आपले त्याच्याकडे. झेक 'होस्त', फ्रेंच 'ओत', रशियन 'गोस्त' आणि जर्मन 'गास्ट' यांनी त्या हिशेबाची वेगवेगळी पाने सांभाळली. ज्या पानावर फेडीचा रकानाच उरला नाही, त्या पानावरचा पाहुणा कितीही आदराने लिहिलेला असो, त्याला राहायला जागा मिळत नाही.